मादप्पाच्या वाटेवर, उघड्या डोक्यानं

आज पहाटे दुधाची पिशवी उचलायला फाटकाशी गेले, तर रस्त्यावरून आरोळी आली, "उघे मादप्पा!" मादप्पाचा जयजयकार; मागोमाग पावलं. अनवाणी, कुणाची भरभर, कुणाची लंगडत. हुणसूरकडच्या खेड्यांतली माणसं शिवरात्रीच्या आधी आमच्या बोगादीच्या रस्त्यानं अशी चालत निघतात. म्हैसूर ओलांडायचं, टी. नरसीपूरला संगमावर अंघोळ करायची आणि तिथून पुढं मादप्पाचा, म्हणजे महादेश्वराचा, डोंगर गाठायचा. मी पिशवी हातात घेऊन उभीच राहिले. आतून ह्यांची हाक आली, "अगं, दूध आणायला गेलीस की गाय शोधायला?"

दर वर्षी ही आरोळी कानावर आली की माझे डोळे भरतात. दुःखानं नाही हो. उपकार वाटतात म्हणून. कुणाचे, ते मला नेमकं सांगता येत नाही. मादप्पाचे म्हणावेत, तर मी त्याचा डोंगर अजून चढलेली नाही. ह्यांचे म्हणावेत, तर ते चढून बसतील. पण वाटतात खरे, आणि या दिवसांत फार वाटतात. थंडी सरलेली असते, ऊन अजून चटका देत नाही, बाजारातल्या शेवटच्या पावट्यांचा वास पिशवीला चिकटलेला असतो, आणि शहराबाहेर पडलं की रस्तोरस्ती हुलगे पसरलेले असतात.

हुलग्यांचं सांगायलाच हवं. इकडचे शेतकरी हुलग्यांची वाळलेली झाडं सरळ डांबरी रस्त्यावर अंथरतात. येणाऱ्याजाणाऱ्या बस, ट्रॅक्टर, मोटारी त्यावरून जातात आणि मळणी आपोआप होते. संध्याकाळी भुसा बाजूला करायचा, दाणे झाडून गोळा करायचे. मोटारवाले चरफडतात. सायकलवाल्याला मात्र खाली उतरावंच लागतं, नाहीतर झाडांचे धागे साखळीत असे गुरफटतात की अर्धा तास त्यातच जातो. त्या वर्षी मी किती वेळा उतरले असेन! आणि दर वेळी उतरताना मनात म्हणत होते, बरं झालं, दम खायला निमित्त मिळालं.

आता "त्या वर्षी" म्हणजे काय, तेही सांगून टाकते. त्या वर्षी मला कॅन्सर झाला होता. छातीतली गाठ, मग ऑपरेशन, मग केमो, मग किरणांचे शेक. थंडी सुरू होता होता सगळं आटोपलं. शेवटच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "म्हणजे मी बरी झाले का?" त्या प्रामाणिक बाई. म्हणाल्या, "तपासण्यांना येत राहा. बघू या." तेव्हापासून मला कुणीही विचारलं, शेजारणीनं, शाळेतल्या बाईंनी, फोनवरच्या भावानं, की कशी आहेस गं, तर मी म्हणायची, "बघू या." बरी आहे असं तोंडातून निघतच नव्हतं. म्हटलं आणि दृष्ट लागली तर? गणित शिकवणारी बाई मी, वर्गात पोरांना उत्तराखाली दोन रेघा मारायला लावते, आणि स्वतःच्या बाबतीत बोबडी वळलेली.

आणि केस. माझे केस कमरेच्या खाली होते, त्यांचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू. ते उशीवर गेले, ताटात गेले, न्हाणीघराच्या जाळीत गेले. शेवटी एके दिवशी ह्यांनी आपलं दाढीचं मशीन आणलं आणि मला बाल्कनीत स्टुलावर बसवलं. "हलू नकोस, कान जाईल," एवढंच बोलले. मग झाडू आणून त्यांनीच सगळं गोळा केलं आणि मला बघू दिलं नाही.

मी रंगाऱ्यांच्या घरातली. आजोबांपर्यंत आमच्याकडं कापड रंगवायचे, ठसे मारायचे. आता भाऊ कॉम्प्युटरवर आणि मी फळ्यावर; पण कापडाची नजर गेलेली नाही. तेव्हा डोक्याचे रुमाल मी पारखून घेतले, न घसरणारे, घामानं रंग न सोडणारे. दिवसभर रुमाल. घरात ह्यांच्यासमोरही रुमाल. झोपताना दिवा मालवला की मगच तो काढायचा. शेक संपल्यावर बोटाच्या पेराएवढे केस उगवून आले, मुंजीतल्या बटूसारखं डोकं दिसायला लागलं, तरीही रुमाल.

संक्रांतीला आत्याकडं हळदीकुंकू होतं. आत्या माझ्यावर जीव टाकते. फोनवर म्हणाली, "ये गं राणी. पण पदर तेवढा डोक्यावरनं नीट घे हं, बाकीच्या बायका सुम्मने, उगीच, काहीतरी बोलतात." तिच्या मनात वाईट नव्हतं. आपल्या घरांत बाईच्या बिनकेसाच्या डोक्याचा एकच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तिनं तरी काय करावं? माझा नवरा तर समोर धडधाकट बसून शेंगा सोलत होता! मी गेले नाही. संध्याकाळी गल्लीतल्या मुली नवे परकर घालून तीळ-गूळ-खोबऱ्याच्या पुड्या वाटायला आल्या, तेव्हा दारही ह्यांनीच उघडलं. मी आतल्या खोलीत बसून त्यांच्या बांगड्या ऐकल्या.

मग फेब्रुवारीत एका रात्री जेवताना मी म्हणाले, "आपण सायकलनं संगमापर्यंत जाऊ या."

"हुच्च लागलंय का तुला?" हे म्हणाले. आमच्या घरात वेड लागत नाही, हुच्च लागतं. म्हैसुरात इतक्या पिढ्या काढल्यावर आमच्या मराठीला कन्नडची फोडणी बसलीय, ती आता निघायची नाही.

"पूर्वी आपण नाश्त्याला जायचो तिथं," मी म्हणाले.

"पूर्वी..." म्हणून ते थांबले. त्यांच्या त्या थांबण्याचाच मला राग यायचा. चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघं सायकली घेऊन रविवारी भटकायला लागलो होतो, खुळ्यासारखे. किती कालवे, किती देवळं, किती टपऱ्यांवरची कॉफी. ते सगळं या 'पूर्वी'त बंद करून ठेवायचं की काय? मला एकच बघायचं होतं. हे जे शरीर वर्षभर डॉक्टरांचं होतं, सुयांचं होतं, ते अजून थोडंफार माझं आहे का. संगमापर्यंत माझ्या पायांनी पोचले तर आहे. नाही पोचले तर... पुढचं मी मनातसुद्धा बोलत नव्हते.

मी दोन दिवस अबोला धरल्यावर हे "आयतू," म्हणाले, म्हणजे झालं, ठरलं. येताना भाचा टेम्पो घेऊन येईल, ही त्यांची अट. मी मान्य केली. ऑपरेशन डाव्या बाजूला झालेलं, त्या हातावर भार पडू द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या सायकलचं हँडल उंच करून आणलं. पिशवीत ग्लुकोज, थर्मामीटर, छत्री, बिस्किटं, दोरी. "दोरी कशाला?" विचारलं तर म्हणाले, "असू दे." ह्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे. मला वाटतं, मी पडले तर मला खोगिरासारखी बांधून आणायचा बेत असावा.

अंधार असतानाच निघालो. शहर झोपेत होतं, फुलांच्या गाड्या तेवढ्या बाजाराकडं चाललेल्या. शहर संपल्यावर मोठा रस्ता सोडला आणि कालव्याकाठचा धरला. पाणी संथ, कडेला ऊस, मध्येच चिखलात लावलेलं कोवळं भात. बगळे. रानात कुठंतरी उसाचा पाला जाळल्याचा गोडसर धूर. मी खोल श्वास घेतला आणि खोकले. मागून लगेच, "काय झालं? थांबायचं?"

"धूर गेला हो नाकात!"

ह्यांनी दिवसभर हेच केलं. मी पुढं, हे मागं. मी हळू, तर हे हळू. मी उतरले की हे उतरले. कालव्यावरून गावाकडं वळणारा एक चढ आहे, एरवी कुणाच्या लक्षातही येऊ नये असा. त्या चढानं माझा जीव काढला. मांड्या थरथरायला लागल्या, डोळ्यांपुढं काजवे, हेल्मेटखाली रुमाल भिजून चिंब. मी उतरले, सायकल झाडाला टेकवली आणि सगळा राग ह्यांच्यावर काढला. "सारखं सारखं मागं काय राहता? मी पडायची वाट बघताय का? जा की पुढं! मला मोकळं चालवू द्या जरा!"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "मागं राहिलं की तू दिसत राहतेस गं. पुढं गेलो की दिसत नाहीस."

एका माणसानं वर्षभर दवाखान्याच्या बाकांवर बसून काय काय मनात आणलं असेल, ते मी त्या दिवसापर्यंत विचारलंच नव्हतं. आम्ही दोघं त्या झाडाखाली उभं राहून रडलो, भर रस्त्यात, म्हाताऱ्या वयात. हुलगे झाडणारी एक बाई केरसुणी थांबवून बघत होती. मग बिस्किटं खाल्ली आणि चढ हातानं सायकली ढकलत चढलो. चालत चढलं तरी पायच माझे होते ना.

वरच्या गावापाशी आम्ही मादप्पाच्या वाटेला लागलो. चालणारे घोळक्यांनी पुढंमागं दिसत होते. कुणी चपला गळ्यात अडकवलेल्या, कुणाच्या तळव्यांना चिंध्या. चिंचेखाली काही जण आडवे पडले होते आणि गावातली माणसं त्यांच्या पायांना तेल लावत होती. या वाटेवरची रीतच आहे. चालणारा कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, कुणी विचारत नाही. या दिवसांत वाटेवर आलेला तो मादप्पाचा, त्याला पाणी पाजायचं, जेवू घालायचं, आणि त्यानं नको म्हणायचं नाही. शाळेच्या आवारात मांडव घातला होता. एका आजीबाईनं आमच्या सायकलींची हँडलं धरून आम्हाला थांबवलं. सगळे तिला पुट्टम्मा म्हणत होते. मी कन्नडमध्ये सांगितलं, "आजी, आम्ही डोंगरावर नाही चाललो, संगमापर्यंतच."

"संगम काय वाटेबाहेर आहे? बस खाली," पुट्टम्मा म्हणाली.

बसले. पत्रावळीवर गरम नाचणीचा उंडा, हुलग्यांचं सार. घाम डोळ्यांत उतरत होता, म्हणून मी डाव्या हातानं हेल्मेट काढलं. भिजलेला रुमाल आतून हेल्मेटला चिकटला होता, तो त्याच्याबरोबरच आला.

पंगतीतली माणसं वाढपाकडं बघायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. हात डोक्याकडं गेला, पण बोटं सारात बरबटलेली, धड झाकताही येईना. ह्यांनी घाईघाईनं रुमाल हेल्मेटमधून सोडवायला घेतला. आता आत्याकडच्या हळदीकुंकवात जे व्हायचं टळलं होतं ते इथं होणार, अनोळखी गावात, भरल्या पत्रावळीवर, असं मला वाटलं.

पुट्टम्मा ताकाची बादली खाली ठेवून माझ्यापाशी आली. वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "मुडी कोट्या, तायी?" म्हणाली. मुडी दिलीस का, आई?

मुडी देणं म्हणजे देवाला केस वाहणं. इकडं बायका नवस फेडायला मादप्पाच्या डोंगरावर जातात, नंजनगुडला जातात, सगळे केस उतरवतात आणि डोक्याला चंदन फासून हसतमुखानं बसमधून घरी येतात. नव्या नवरीपासून आजीपर्यंत सगळ्या. मी लहानपणापासून हे बघत आले होते. आमच्या शाळेतल्या निम्म्या बाया कधी ना कधी तशा डोक्यानं वर्गावर आल्या होत्या. आणि तरी वर्षभरात मला एकदाही सुचलं नव्हतं की मलाही कुणी तसं बघू शकेल. माझ्या डोक्यात आत्याच्या घरचाच अर्थ ठाण मांडून बसला होता.

हे म्हणायला लागले, "नाही आजी, हिला बरं..." मी त्यांचा गुडघा दाबला.

पुट्टम्मानं दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवले आणि मग आपल्या डोळ्यांना लावले. मग हाका मारून कुणाकडून तरी एरंडेल आणवलं. "उन्हात अशी कोरडी हिंडतेस? डोकं तापेल," असं पुटपुटत तिनं माझ्या टाळूवर ओंजळभर तेल ओतलं आणि चोळायला लागली. खरबरीत हात, बिनघाईचे. ह्यांच्याखेरीज आणि नर्सखेरीज वर्षभरात माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. तेल कानामागून मानेवर उतरत होतं आणि मी नाचणीचा उंडा हातात घेऊन लहान पोरीसारखी मान खाली घालून बसले होते. पंगतीतल्या दोन-तीन बायका येऊन माझ्या डोक्याला हात लावून गेल्या. कुणी हळहळलं नाही. सगळ्यांना कौतुकच वाटत होतं.

निघाल्यावर हे म्हणाले, "देवाच्या वाटेवर खोटं बोललीस."

"मी कुठं बोलले? त्या बोलल्या."

"गप्प तर बसलीस."

"मग? तुम्ही नाही का दोरी कशाला ते सांगताना गप्प बसलात?"

हसले. कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले. रुमाल मी हँडलला बांधून टाकला होता. हेल्मेट तेलानं घसरत होतं, तेही अडकवलं मागं. वारा सरळ टाळूला लागत होता. गार! असं काही असतं हे मी विसरूनच गेले होते. मी देवाला काही दिलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझे केस औषधानं गळले होते, मी भांडून, रडून, शिव्या देऊन ते जाऊ दिले होते. पण त्या बाईनं चुकून का होईना, ते मी दिले असं मानलं, आणि त्यानंतर त्या केसांबद्दलची माझी कुरकुर बरीच कमी झाली. का, ते मला अजून उलगडलेलं नाही, आणि उलगडायची घाईही नाही.

आता माझे केस खांद्यापर्यंत आलेत. पूर्वीसारखे सरळ नाहीत, कुरळे आलेत, आत्या म्हणते कुणा दुसऱ्याचे बसवलेत. तपासण्या चालू आहेत. दर वेळी दवाखान्याच्या बाकावर ह्यांचा पाय हलत असतो आणि मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते. भीती गेली असं म्हणणार नाही. ती घरातल्या कुणासारखी राहते आमच्याबरोबर, कधी बोलते, कधी गप्प असते. पण त्या दिवसानंतर मी दार उघडायला स्वतः जाते.

त्या दिवशी दुपार कलताना संगम दिसला. कावेरी आणि कपिला, पाणी ओसरलेलं, मध्ये वाळूचे पट्टे, टोपलीसारख्या गोल होड्या. काशीपेक्षा गुंजभर जास्त पुण्य इथं, असं सगळे सांगतात. गुंजभरच कशाला, मला विचाराल तर त्या दिवशी पासरीभर होतं. पायऱ्यांवर सायकल आडवी टाकून मी पाण्यात पाय सोडले. पाय इतके दुखत होते की माझेच आहेत याबद्दल शंका उरली नव्हती. हे कपडे वर खोचून उभे होते आणि भाच्याला फोनवर ओरडून सांगत होते, "पोचली रे! चालवत पोचली!" मी पोचले हे त्यांनी त्या भाच्याला तीनदा सांगितलं.

तिथंच, पायऱ्यांच्या कडेला, एक न्हावी पाटावर बसला होता आणि समोर एक तरुण मुलगी उभी होती. मोकळे केस गुडघ्याला टेकलेले. बाजूला तिची सासू, मांडीवर किरकोळसं बाळ. सासू म्हणत होती, "बस गं, बाळ दवाखान्यातनं नीट घरी आलं तर मुडी देईन म्हणून तूच बोलली होतीस. मी नाही बोलले." मुलगी हो म्हणत होती, आणि बसत नव्हती. केस मुठीत धरून नुसती उभी. तिची नजर माझ्यावर पडली, माझ्या तेलकट डोक्यावर थांबली, आणि ती पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली.

"अक्का," तिनं हळूच विचारलं, "परत येतात ना?"

मी मान तिच्यापुढं वाकवली. "हात लावून बघ."

तिनं लावला. आधी एक बोट, मग तळहात. उलटा फिरवला, सुलटा फिरवला. तिच्या तोंडावर हसू फुटलं. मग तिला आणखी काहीतरी आठवलं आणि तिनं वळून त्या बाळाकडं बघितलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आणि मागितलेलं? दिलं त्यानं तुम्हाला?"

ह्यांचा फोन थांबला होता. ते माझ्या मागंच उभे होते, नेहमीसारखे. माझ्या जिभेवर 'बघू या' आलंच होतं, वर्षभराची सवय. मी त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं.

"म्हैसूरहून सायकल चालवत आलेय गं मी," मी म्हणाले. "दिलं."